तळवलीत फ्रॉक हिरवाच होता

"आत्या, फ्रॉक गुलाबी होता!" सोनलने मोबाइल सगुणाच्या नाकासमोर धरला. "तू हिरवा कुठून काढलास?"

सगुणाने आपल्या शिवणाच्या दुकानातलं मशीन थांबवलं. पडद्यावर जुन्या पिक्चरमधली ती कॉलेजची पोरगी सायकलवरून हसत निघाली होती. मोठी पांढरी कॉलर, वाऱ्याने फुगलेला घेर आणि रंग चक्क गुलाबी.

"आमच्या तळवलीत तं हिरवाच व्हता," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. सगुणा दहावीत असताना शेजारच्या हळदीला व्हिडिओ आणला होता. भाड्याच्या त्या टीव्हीचं काहीतरी बिनसलेलं. समुद्र हिरवा, हिरोचे गाल हिरवे, फ्रॉकही हिरवा. गावाला काय माहीत! घणसोलीच्या दुकानातलं हिरवं कापड बघता बघता संपलं. सगुणा तेव्हा शिवणक्लासला जायची. निम्म्या गावातल्या पोरींना तिने फ्रॉक शिवून दिले, स्वतःचा सगळ्यांत शेवटी. तो पुरा होतो न होतो तोच तिची सुपारी फुटली. "नवरी काय फ्रॉक घालते गो?" आई म्हणाली. फ्रॉक ट्रंकेत गेला.

पुढे संसार झाला, नवरा देवजी गेला, शेतांवर टॉवर उठले. पण दुपारी मशीनची लय लागली, की सगुणा खाडीच्या बांधावरून सायकल मारत सुटायची. अंगात हिरवा फ्रॉक, समोर नुसतं पाणी, मागून कुणाची हाक नाही. सायकल तिला कधी आलीच नाही म्हणा. स्वप्नात ते कोण विचारतंय!

आता तिची ही भाची सोनल लग्नाला उभी होती. हळदीला मैत्रिणींनी त्याच पिक्चरचे फ्रॉक घालायचे, असं ठरलं होतं.

"तू पण घाल ना. हिरवा तर हिरवा!"

"मी? लोक काय बोलतील?"

म्हणाली खरी, पण जीव अडकला तो अडकलाच. सोनल गेल्यावर तिने दुकानाचं शटर ओढलं आणि घरून आणलेला ट्रंकेतला तो जुना फ्रॉक पिशवीतून बाहेर काढला. एकदाच घालायचा होता. पण तो खांद्यांखाली उतरेचना. तो मांडीवर घेऊन सगुणा पोटभर रडली.

मग तिने कात्री घेतली. शिवण उसवताना आपल्याच कोवळ्या हाताची वाकडी टीप दिसली, तेव्हा तिला हसू आलं.

हळदीच्या मांडवात गुलाबी पोरी नाचत होत्या. सगुणा आली ती साध्या साडीत, वर हिरवा ब्लाउज, त्याला मोठी पांढरी कॉलर. हळद लावणाऱ्या दुर्गाबाईने तिला बघितलं आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"अगो, यो तं आपला फ्रॉक! मना पन तूच शिवलेलास ना?" तिने कॉलर चाचपली. हळदीची बोटं पांढऱ्यावर उमटली.

"आत्या, पुस लवकर, डाग राहील!" सोनल ओरडली.

"ऱ्हाऊ दे," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलं, मशीनला तेल दिलं आणि दोरा ओवला. अंगात तोच ब्लाउज होता.