शेठजींचा फ्रिज

"अंडं ठेवायचं न्हाई, एवढंच म्हनले शेठजी," फ्रिजचं दार पुसता पुसता दवाखान्यातली मदतनीस गिरिजाबाई म्हणाली. "मटन तर बिलकुल न्हाई. मी म्हनलं, दवाखान्यात कोन आनतंय मटन?"

बेबीनंदा सिस्टर हसल्या आणि लसीच्या बाटल्या कप्प्यात लावू लागल्या. आरोग्य केंद्राचा फ्रिज दुरुस्तीला गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आज विधिमंडळाची समिती जिल्हा परिषदेला खर्चाचा जाब विचारायला येणार होती, म्हणून अधिकाऱ्यांनी नवलकिशोर शेठजींच्या घरचा फ्रिज बैलगाडीतून आणवला होता.

फ्रिज नव्हता तेव्हाही लस येतच होती. सिस्टर ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी गिरिजाबाईच्या नातीला पोलिओचे थेंब पाजले होते. पावसाळ्यात पोरीचा पाय लुळा पडला. ही लस उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही, हे सिस्टरना ठाऊक होतं. गिरिजाबाई नशिबाला बोल लावी.

"ते आभाळात फिरनारं मोडकं यंत्र आपल्यावरच पडनार म्हनत्यात रेडिओवर," ती आता म्हणाली. "समिती असतानाच पडू द्या. बराबर पंचनामा तरी होईल."

समिती दुपारी आली. अध्यक्ष उतारवयाचे, उन्हानं थकलेले आमदार होते. त्यांनी फ्रिजमध्ये हात घालून गारवा पाहिला.

"लस यातच ठेवता?"

"आज ठेवली, साहेब."

"आज म्हणजे?"

शेजारचे अधिकारी खाकरले. सिस्टर म्हणाल्या, "हा शेठजींचा फ्रिज आहे. आमचा वर्षापासून दुरुस्तीला गेलाय. आम्ही लेकरांना मेलेली लस देतोय."

चहाचा ट्रे घेऊन आलेली गिरिजाबाई दारातच थांबली.

अध्यक्ष अधिकाऱ्यांकडे वळले. "दुरुस्तीसाठी तरतूद होती?"

"होती, साहेब."

"खर्च झाली?"

"पूर्ण."

"कशावर?"

"दुरुस्तीवरच. विश्रामगृहाच्या. दोन्हींचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, एकच आहे."

"लेखी उत्तर पाठवा."

"पाठवतो, साहेब."

चहा झाला. दुसऱ्या एका आमदारांनी विहिरींचा विषय काढला. जाताना अधिकारी मागे राहून म्हणाले, "मोठं काम केलंत, सिस्टर. आता उत्तर जाईपर्यंत माठच वापरा."

गिरिजाबाई कप गोळा करत होती. "सिस्टर, आमच्या पोरीचे थेंब बी मेलेलेच व्हते का?"

"हो."

गिरिजाबाईनं उरलेले कप उचलले आणि ती मोरीकडे गेली.

फ्रिज न्यायला गाडीवान आलाच होता. बाटल्या ओल्या फडक्यात छातीशी धरून सिस्टर गाडीमागून चालत शेठजींच्या घरी गेल्या. फ्रिज स्वयंपाकघरात परत लागेपर्यंत त्या बाहेरच्या ओट्यावर थांबल्या.

"लाडबाई, एवढ्या बाटल्या तुमच्याकडं राहू द्या. लेकरांचं औषध आहे. माझ्याकडं नासून जाईल."

शेठजींच्या पत्नी लाडबाईंनी बाटल्यांकडे पाहिलं. "ठेवा की. जागा खूप आहे. पन सिस्टर, यात जनावराचं काही न्हाई ना? आमच्या चुलीपाशी चालत न्हाई. तुम्ही सांगितलं की मला दुसऱ्याला विचारायची जरूर न्हाई. आमदाराला तोंडावर खरं सांगितलं म्हने तुम्ही, गाडीवान सांगत व्हता."

ही लस माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवतात. प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर आकृती काढून ते समजावलं होतं.

"काही न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यासारखं असतं."

लाडबाईंनी हात धुतले. दह्याचं भांडं आणि नैवेद्याचं दूध एका बाजूला सरकवलं आणि एकेक बाटली देवापुढं फूल ठेवावं तशी आत मांडली.

"सकाळी पूजा झाली की घेऊन जात जा. दुसऱ्या कुनाला मी हात लावू देनार न्हाई."

सिस्टरनी मान हलवली.

"उन्हातून आलात. पानी घ्या."

लाडबाईंनी तांब्या पुढे केला. तहान लागली होती, तरी दह्याशेजारच्या बाटल्यांकडे पाहून सिस्टर नको म्हणाल्या.