चौदा ग्रॅम

मिनेगिशी-सान माझा सहावा सेल मागायला आले, तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्या एका सेलसाठी दोन वर्षं मी साऱ्या प्रयोगशाळेशी भांडत आले होते. मंगळावर उडायचं आमचं यंत्र जेमतेम बदकाएवढं. दोन मिनिटं हवेत राहायला त्याला वीज लागते थोडीच. खरी वीज खाते ती त्याची झोप. तिथल्या रात्री उणे नव्वद अंशांचा गारठा, आणि बॅटरी उबेत राहिली नाही तर सकाळी तिचा दगड झालेला. रात्रभर हीटर चालू ठेवायला पाच सेल पुरत नाहीत, सहा लागतात. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की जपानमधल्या सुवा गावातल्या आमच्या इमारतीच्या भिंतींनाही पाठ झालं असेल.

पण वजनाची मर्यादा अठराशे ग्रॅम, आणि जोडून झालेलं यंत्र भरलं अठराशे चौदा. मिनेगिशी-सान सांगाड्याचे प्रमुख, मार्चमध्ये निवृत्त होणारे. माणूस इतका नेमका की त्यांच्याकडे एक स्क्रू जास्तीचा निघणं अशक्य. साहजिकच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

"सांगाडा आता याहून पातळ होत नाही, कुशिदा-सान. तुम्हीच पाचांवर भागवा. थोडी थंडी सोसेल ते."

"मे महिन्यात दोन स्वेटर घालणारे तुम्ही, आणि थंडी सोसायचं मला सांगता?" मी म्हटलं. ते हसले, पण हटले नाहीत.

गंमत अशी की यादीतले भाग सुटे तोलले तर बेरीज बरोबर अठराशे व्हायची. जोडले की चौदा ग्रॅम जास्त. आम्ही गोंद मोजला, स्क्रू मोजले, काटाही बदलून पाहिला. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख तोकोरो-सेन्सेईंनी सांगून टाकलं, उद्या संध्याकाळी यंत्र मंगळावरच्या रात्रीची चाचणी घेणाऱ्या गारठ्याच्या पेटीत जाईल. तोवर वजन उतरलं नाही तर सेल काढा. मी घरी जाऊन चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मिनेगिशी-सान समोर बसले होते. त्यांच्या डब्यावर नावाची छापील पट्टी, झाकणावर पट्टी, चॉपस्टिकच्या खोक्यावरही पट्टी. आमच्याकडे हे चालायचंच. पट्ट्या छापायचं यंत्र टेबलाटेबलावर आहे आणि भाताच्या कुकरवरसुद्धा 'कुकर' असं लिहिलेलं आहे. रोज बघून बघून त्या पट्ट्या आम्हाला दिसेनाशा झाल्या होत्या. माझा घास तोंडातच राहिला.

यंत्राच्या पोटात पासष्ट वायरी. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नावाची पट्टी, आणि नाव पुसलं जाऊ नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी. कोणी लावल्या? सगळ्यांनी. सर्वांत जास्त मी.

चिमट्यांनी सोलून काढलेल्या पट्ट्यांचा ढीग काट्यावर ठेवला. तेरा ग्रॅम. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण एक ग्रॅम उरलाच होता आणि पाच वाजत आले होते.

तेव्हा मिनेगिशी-सान उठले. त्यांनी यंत्र उलटं केलं, दोन बारीक स्क्रू काढले आणि नखाएवढा एक पत्रा तळहातावर घेतला. आम्हा अकरा जणांची नावं त्यावर कोरलेली होती, त्यांचं सर्वांत खाली.

"हे यादीत नव्हतं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

माझा सगळा राग उतरला. राहू द्या, मी एखादी वायर आखूड करते, असं मी म्हणू लागले.

"नावं तिथं वाचणार कोण?" ते म्हणाले. "ते सकाळी उठलं पाहिजे."

सहा सेल घेऊन यंत्र पेटीत गेलं. सकाळी आठला आम्ही सगळे काचेसमोर उभे होतो. पेटीतला कृत्रिम सूर्य लागला, थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पडद्यावर हिरवा ठिपका आला. यंत्र जागं झालं होतं आणि बॅटरीत अजून अकरा टक्के वीज शिल्लक होती. सेन्सेईंनी टाळ्या वाजवल्या.

मिनेगिशी-सान माझ्याजवळ आले. "पाच असते तर?"

मी रात्रीचे आकडे पुन्हा मांडले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पाच सेल सकाळी सातलाच संपले असते.

त्यांनी वाकून तो आकडा वाचला. "बरं झालं, तुम्ही माझं ऐकलं नाहीत," ते म्हणाले.