दादाच्या नावावरची काळी पट्टी

धाकट्याचा धंदा लग्नांच्या, वाढदिवसांच्या फिल्म जोडून देण्याचा. त्यातही त्याचा जीव नावांवर. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकायचं म्हणजे थर रचायचे: तळाला फोटो, त्यावर रंगाची पट्टी, सगळ्यांत वर अक्षरं. वरचा थर खालच्याला झाकतो, एवढं कळलं की निम्मं काम आलं, असं तो कुणालाही धरून सांगायचा. थोरल्या भावाने मात्र तीन वर्षांपूर्वी चार पाहुण्यांत त्याची ओळख करून दिली होती, "हा आमचा फोटोंवर अक्षरं चिकटवतो." थोरला पूल बांधणारा इंजिनियर. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद.

आईच्या पंच्याहत्तरीची फिल्म अर्थातच धाकट्याने केली. शेवटी दोन्ही मुलांची नावं यायची होती. त्याने आधी स्वतःचं लिहिलं, मग थोरल्याचं, जरा जास्तच ठसठशीत. आणि मोठ्या हिमतीने मेसेज टाकला, 'येणार का?' आठवडाभर उत्तर नाही. धाकट्याचं डोकं फिरलं. नाव पुसायला हात धजेना, म्हणून त्याने त्यावर काळी पट्टी टाकली आणि पट्टीवर लिहिलं, 'आणि सर्व आप्तेष्ट'. आता बरं वाटतंय, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या भरत असताना थोरला दारात हजर. हातात फुलं, चेहऱ्यावर काही नाही. फिल्म लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधूनच थेट भिंतीवर दाखवायची होती, म्हणजे बदल करायला अजून वेळ होता. त्याने पट्टी काढायला घेतली आणि घाईत तिची नुसती सुरुवातीची वेळ पुढे ओढली गेली. पट्टी गेली नाही, चार सेकंद उशिरा येऊ लागली. एवढ्यात आई म्हणाली, "लाव रे."

मग तीस-पस्तीस माणसांनी पाहिलं. थोरल्याचं नाव भिंतीवर आलं, चार सेकंद छान दिसलं, आणि काळ्या पट्टीने येऊन ते गिळून टाकलं. टाळीसाठी उचललेले हात लोकांनी मांडीवर ठेवले.

"हे काळं काय आलं?" आईने विचारलं.

"थर आहे, आई. चुकून राहिला."

"मग काढ. आत्ता, माझ्यासमोर."

धाकट्याने फिल्म थांबवली. भिंतीवर सगळ्या थरांची यादी एकाखाली एक उघडी पडली. चाळीस थरांत गोंधळ नको म्हणून तो प्रत्येकाला नाव देऊन ठेवायचा, आणि ती नावं दुसऱ्या कुणी वाचायची नसतात. आता ती हातभर अक्षरांत दिसत होती. 'आईचा फोटो'. 'दादाचं नाव'. आणि काळ्या पट्टीच्या थराचं नाव, 'दादा आला नाही तर'.

मावशीने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरला उठला. भिंतीजवळ जाऊन त्याने ती ओळ पुन्हा स्वतः वाचली. मग धाकट्याकडे वळला.

"पुसून का नाही टाकलंस?"

"नाही जमलं."



"मी आलोय," थोरला म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि धाकट्याला खेटून बसला. "दाखव, कुठलं बटण दाबायचं?"