उघड्या डोळ्यांचा फोटो

“अव्वा, तोंड तिकडं वळव. नुसते हात पायजेत मला.”

राजशेखर गॅलरीत पालथा पडून बोलत होता. पन्नाशीचा माणूस, विमा कार्यालयात मोठा कारकून, ढेरी फरशीला टेकलेली आणि एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. पार्वतम्मांनी तव्यावरून नजर काढून आपल्या या लेकाकडे पाहिलं आणि आपण नेमकं काय जन्माला घातलं, असा प्रश्न त्यांना पुन्हा एकदा पडला.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये चांगला गॅस असताना त्याने कुठूनशी मातीची चूल पैदा करून गॅलरीत मांडली होती. धुराने वैतागून शेजारीण खिडकी आपटून गेली होती. पहिल्या भाकरीच्या वेळी ऊन फार होतं, दुसरीच्या वेळी ढग आला. आता ही तिसरी.

“गॅसवर केल्याली भाकरी फोटूत निघत न्हाई व्हय रे?”

“तसं नसतंय अव्वा. रोजचं जगणं टिपायचं असतंय. सहज. मी हितं न्हाईच असं समज.”

“तसंच समजते मी.”

रोजचं जगणं म्हणे! रोजच्या भाकऱ्या सून दानम्मा करते, गॅसवर, शाळेत शिकवायला जायच्या घाईत. पार्वतम्मांनी पीठ हातात घेऊन वर्षं झाली. अंगावरचं इरकल लुगडंसुद्धा त्यानेच ट्रंकेतून काढायला लावलेलं. पण बोलायची सोय नव्हती. फोटोवाल्यांच्या मंडळात नाव घातल्यापासून त्याला घरात, दारात, ताटात, जिकडेतिकडे कला दिसू लागली होती.

गेल्या हिवाळ्यात तर त्याने सगळ्या घरालाच जेऊरच्या पुढे उजनीच्या पाण्यावर नेलं. रोहित पक्षी आले होते. हा चिखलात झोपला. दानम्मा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा घेऊन उन्हात बसली आणि पार्वतम्मा गाडीत घामाने भिजल्या. पक्षी ह्याच्याकडे पाठ करून उभे होते, त्यांनाही अक्कल होती. संध्याकाळी घरी येऊन त्याने मोठ्या हौसेने फोटो दाखवले. पाणी, पाणी, पाणी आणि एका फोटोत दानम्माची पाठ. नाव काय, तर ‘सहजीवन’. दानम्मा उठून भांडी घासायला गेली.

पार्वतम्मांचं मागणं एवढंसं होतं. समोरून, सरळ, उघड्या डोळ्यांचा एक फोटो.

त्यांचे यजमान शरणप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचे. जिवंतपणी फोटो काढायला त्यांना कधी सवड झाली नाही. एका दुपारी कामावरच वारले. मग लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून भिंतीशी बसवलं, कपाळाला विभूती लावली, हार घातले, हनुवटीखालून फडकं बांधलं, भोवती घरची माणसं उभी केली आणि फोटो काढला. तोच एक फोटो भिंतीवर. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. ज्या माणसाच्या हसण्याने शेजारपाजारची पोरं जागी व्हायची, त्याचं मेलेलं तोंड पार्वतम्मा रोज सकाळी बघत आल्या होत्या. आपलं तसं होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी ती लेकाला चार वेळा बोलून दाखवली होती.

“तसला फोटो म्हंजे पासपोर्टच की अव्वा,” तो आजही म्हणाला. “त्यात जीव नसतोय.”

“आणि हातात असतोय व्हय जीव?”

तेवढ्यात ऊन आलं आणि त्याने हाताने गप्प राहायची खूण केली.

पुढच्या रविवारी मंडळाचं प्रदर्शन भरलं. हॉलमध्ये दारासमोरच पार्वतम्मांचे हात लावले होते. चांगले पलंगाएवढे. खाली पुठ्ठ्यावर नाव: ‘माय’. घरात अव्वा म्हणणाऱ्याला पुठ्ठ्यावर माय आठवली होती. दाढीवाले प्रमुख पाहुणे फोटोपुढे बराच वेळ मान हलवत उभे राहिले आणि म्हणाले, “या सुरकुत्यांमध्ये एक अख्खं आयुष्य आहे.” राजशेखरला आनंदाने घाम फुटला. आयुष्य बाजूलाच काठी टेकून उभं होतं. पाहुण्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग गॉगल कपाळावर चढवलेली एक बाई मोबाइल घेऊन आली. “आजी, जरा सरकता का? मला या हातांसोबत सेल्फी घ्यायचाय.”

पार्वतम्मा सरकल्या. सरकत सरकत दाराबाहेर गेल्या, कठडा धरून जिना उतरल्या आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरल्या. बाहेर पासपोर्ट फोटोची पाटी होती.

“आधारला पायजे का पॅनला, आज्जी?” दुकानदार सिद्धारामने विचारलं.

“भित्तीला.”

सिद्धारामला जास्त विचारावं लागलं नाही. त्याने स्टूल पुसलं, निळा पडदा ओढला. “चष्मा काढा आज्जी. चकाकतोय.”

चष्मा काढताच सगळं दुकान धुरकट झालं. तेवढ्यात राजशेखर धापा टाकत आत आला. “अव्वा, वर चल लवकर! पाहुणे तुझे हात बघायचं म्हणालेत.” मग त्याला पडदा दिसला. “हितं फोटू काढायलीस? अगं, ह्यो समोरनं फ्लॅश मारणार. तोंड सपाट येतंय. मी काढतो की घरी, खिडकीच्या उजेडात.”

“कवा?”

त्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सावरला.

“कवा काढणार रे? मला भित्तीशी बसवल्यावर?”

राजशेखरचं तोंड उतरलं. पार्वतम्मांनी हातातला चष्मा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला.

“आज्जी, कॅमेऱ्यात बघा,” सिद्धाराम म्हणाला.

“कुटं हाय ते? मला दिसंना की.”

“सर, तुमी माझ्या मागं उभारा. आज्जीला आवाज द्या.”

राजशेखर मागे जाऊन उभा राहिला. त्याचा महागडा कॅमेरा पोटावर लोंबत होता. “अव्वा,” तो हळू आवाजात म्हणाला, “हितं बघ. माझ्याकडं.”

पार्वतम्मांनी पाहिलं. समोर एक जाडजूड धुरकट आकार होता. चिखलात झोपणारा, चुली मांडणारा, बायकोच्या पाठीला नावं देणारा. त्यांनी डोळे पुरते उघडले आणि त्या आकाराबद्दल जे काही मनात होतं ते सगळं घेऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. फ्लॅश पडला.

सिद्धारामने फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. “आज्जी जरा रागात दिसायल्यात. परत काढू?”

“नको. हाय तसाच मोठा कर. आन् फ्रेम बी लाव. मी बसते हितं.”

राजशेखर पडद्यावरच्या त्या डोळ्यांकडे एकदा बघून खाली बघू लागला. वर हॉलमध्ये पाहुणे खोळंबले होते. मंडळाच्या कुणीतरी जिन्यातून त्याच्या नावाने हाक मारली. तो गेला नाही. शर्टाच्या टोकाने तो आईचा चष्मा पुसत राहिला.