विल्फची ऑस्टिन यंदा येणार नाही

केल्डबीच्या जुन्या मोटारींच्या मेळ्यात यंदा काय काय आहे, हे विचारायला मी मंगळवारी डेस्मंड पिकर्सगिलकडे गेले. मेळा रविवारी असतो आणि त्याआधीच्या गुरुवारी आमच्या साप्ताहिकात ही बातमी जातेच. डेस्मंड मेळ्याचा अध्यक्ष. पूर्वी त्याचं मटणाचं दुकान होतं. चहा ओतता ओतता तो सांगत होता: वाफेवर चालणारा रोड रोलर, दूधवाल्याची विजेवरची जुनी गाडी, हिरव्या रंगाचा अग्निशमन बंब, गावचा बँड, पोरांच्या पायडलच्या मोटारींची शर्यत. शिवाय गाडीच्या डिकीत ज्यांचं जेवण सगळ्यांत झोकात मांडलेलं असेल त्यांना एक मोठा पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेली पेस्ट्री.

"आणि सगळ्यांत पुढे विल्फची ऑस्टिन," मी लिहायला लागले.

"ते खोड. विल्फ यंदा येत नाही. गिअरबॉक्स गेलाय म्हणतो. माझ्याशी तर धड बोलत पण नाही. तू विचारून बघ."

विल्फ थॅकरेच्या ऑस्टिनशिवाय हा मेळा कधी झालेला नाही. १९७८ साली क्रिकेटच्या मैदानावर पहिला मेळा भरला तेव्हा चारच गाड्या होत्या, बँडवाले ओलेचिंब झाले होते, आणि बघायला आलेल्यांत निम्मी माणसं क्रिकेटची मॅच आहे असं समजून आली होती. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. टेकडीवरून ती इवलीशी काळी गाडी फटफटत खाली उतरताना मी तिथूनच पाहिली. पहिली ती आली, म्हणून पुढेही दर वर्षी तीच पहिली. मेळ्याचा नियम एकच: गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रेलरवर लादून आणलेली गाडी कुंपणाबाहेर राहते, मग ती राजाची का असेना.

विल्फ गॅरेजात स्टुलावर बसला होता. वय चौऱ्याऐंशी. ही १९३०ची गाडी त्याने एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून विकत घेतली, आणि लग्न झाल्यावर एनिडला घेऊन तिच्यातूनच व्हिटबीच्या समुद्रावर गेला. तेव्हापासून स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. एनिडला फक्त पुसायची परवानगी होती.

"गिअरबॉक्स," तो म्हणाला. "दुसरा गिअर पडत नाही. लिहून टाक."

मी लिहून टाकलं.

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी सकाळी विल्फच्या अंगणात नऊ माणसं पाने, जॅक आणि डबे घेऊन हजर झाली. केल्डबीत माणूस आजारी पडला तर लोक कार्ड पाठवतात; गाडी आजारी पडली तर स्वतः येतात. मीही गेले, कारण अर्ध्या गावाने गिअरबॉक्स दुरुस्त करणं ही बातमी होती.

"गरज नाही," विल्फ दारात आडवा उभा राहून म्हणाला.

"लेका, तुझ्यासाठी कोण आलंय?" डेस्मंड म्हणाला. "आम्ही तिच्यासाठी आलोय. सरक."

दुपारपर्यंत इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर निघाले. गाडी एवढी लहान, की ते धूड दोघांनी उचललं. जुन्या चादरीवर एकेक दातेरी चक्र मांडलं गेलं. डेस्मंडने प्रत्येक दात बोट फिरवून तपासला, मग दुसऱ्याने तपासला, मग तिसऱ्याने. एनिडने सगळ्यांना सँडविचं दिली. विल्फ स्टुलावरून हलला नाही.

"विल्फ," शेवटी डेस्मंड म्हणाला, "याला काहीएक झालेलं नाही. माझ्या दातांपेक्षा हे दात बरे आहेत."

विल्फने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"गिअरबॉक्सला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला झालंय. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघतो तर तुझे कान दिसतात, डेस्मंड. लायसन्स परत पाठवलं मी."

"कधी?"

"ईस्टरला."

"आणि आम्हाला नऊ जणांना हे उघडू दिलंस?"

"मी म्हटलं होतं गरज नाही."

एनिड ताटं गोळा करत होती. "लायसन्स ठेवायचं तर वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे ना," ती म्हणाली. "हा रोज फाटकापाशी उभा राहून या गाडीची वाचायचा आणि मला म्हणायचा, बघ, आलं वाचता. साठ वर्षं पाठ असलेला नंबर. पोस्टाच्या गाडीचा विचारला तेव्हा गप्प झाला."

"मी चालवतो रविवारी," डेस्मंड म्हणाला. "तू शेजारी बस."

"तू? तू तुझ्या व्हॅनचा क्लच जाळलास."

मग एकेकाने विचारलं आणि विल्फने एकेकाला नाही म्हटलं. याचा पाय जड, त्याला घाई फार, तिसऱ्याला ऐकू येत नाही. त्या गाडीचं अवघडच आहे. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मधल्या क्षणी इंजिनाचा आवाज ऐकून वेग जुळवायचा. चुकलं की दातावर दात घासून सगळ्या गल्लीला कळतं. शेवटी विल्फ म्हणाला की तो घरीच बसेल, आणि तो तसं करेल याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"मला विचारलं नाहीस," एनिड म्हणाली.

"तुला?"

"आठवड्याला बाजारहाट कोण करून आणतं? गाडी चालवूनच ना?"

"ती आजची गाडी. ती कुणालाही चालवता येते."

"साठ वर्षं या गाडीत डावीकडे बसून तुझे गिअर ऐकतेय, विल्फ. दुसरं करायला होतं काय? तू बोलतोस कुठे गाडी चालवताना."

डेस्मंडला हसू आवरेना. त्याने खाली बघून बोल्ट मोजायचं निमित्त केलं.

गाडी संध्याकाळी पुन्हा जोडून झाली. शनिवारी शेतांमधल्या रस्त्यावर एनिडने सराव केला. ते दोघंच गेले होते, पण आवाज गावभर ऐकू आला. दुपारी तो कमी झाला होता. परत आल्यावर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, असं शेजारीण सांगत होती.

रविवारी सकाळी आम्ही मैदानाच्या फाटकापाशी उभे होतो. रोड रोलर केव्हाच आला होता, पण तो बाहेर थांबला होता. अग्निशमन बंब त्याच्या मागे, आणि त्यामागे चर्चपर्यंत रांग. आत जायला कुणी तयार नव्हतं. बँडवाल्यांनी वाजवायचं ते दोनदा वाजवून झालं.

मग टेकडीवर ती काळी गाडी दिसली. उतार संपतो तिथे दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. विल्फचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण तो 'आता' म्हणायच्या आतच एनिडने गिअर टाकला होता. दातांचा आवाज आला नाही. विल्फने तोंड मिटलं.

त्या गाडीला वळण दाखवायचे दिवे नाहीत. चालवणारा खिडकीतून हाताने दाखवतो, आणि मैदानाचं फाटक डाव्या हाताला, म्हणजे विल्फच्या बाजूला आहे. एनिडचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. विल्फ थोडा वेळ समोर बघत राहिला. मग त्याने काच खाली केली आणि आपला डावा हात सरळ बाहेर काढला, आणि गाडी पूर्ण आत येईपर्यंत तो तसाच ठेवला.

"उशीर केलात," डेस्मंड म्हणाला.

"तिला सांग," विल्फ म्हणाला. "मी चालवत नाही."