अरुंधती दिसली

यज्ञेश्वरगुरुजींनी चाळीस वर्षांत हजारभर लग्नं लावली आणि प्रत्येक लग्नात नवरा-नवरीला अरुंधतीची चांदणी दाखवली. दाखवली म्हणजे, दाखवली असं म्हणायचं. नाशकातल्या लॉन्सवरच्या हॅलोजनपुढे चंद्रच कसाबसा तग धरतो, तिथे अरुंधती बिचारी कुठली दिसायला! गुरुजी बोट वर करत, दोघं माना वर करत आणि जेवणं खोळंबलेली म्हणून पटकन म्हणत, "दिसली." त्या 'दिसली'चा पोकळ सूर गुरुजींच्या कानात पक्का बसला होता.

खोटं न बोललेली नवरी एकच, त्यांची स्वतःची. लग्नाच्या रात्री आभाळ भरून आलं होतं आणि सुधाताईंनी भर मांडवात सांगून टाकलं होतं, "नाही दिसली." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गुरुजींनी मात्र त्याच रात्री शब्द दिला होता, अंधाऱ्या गावी नेऊन एकदा दाखवीन.

पण सप्तर्षी रात्री जेवणाच्या वेळी डोक्यावर येतात ते चैत्र-वैशाखात आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच. अमावास्येला मुहूर्त नसे, तर दिवसभर गोदाघाटावर यजमानांची श्राद्धं करून गुरुजींची कंबर मोडलेली असे. सुधाताईंनी आधी आठवण केली, मग चेष्टा केली, मग विषयच सोडला. जगाला चांदण्या वाटणाऱ्याच्या घरात ही अशी तऱ्हा.

यंदा माघात डॉक्टरांनी सांगितलं, सुधाताईंचा काचबिंदू फार पुढे गेलाय, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. गुरुजींना रात्रभर झोप आली नाही. चैत्रातल्या अमावास्येची सगळी कामं त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडे सोपवली आणि सुधाताईंना घेऊन कळवणच्या पुढे शेखरच्या मळ्यात गेले. शेखरचं लग्न त्यांनीच लावलं होतं. त्यानेही तेव्हा "दिसली" म्हटलं होतं.

वाटेत सुधाताई लहान मुलीसारख्या बोलत होत्या. आज त्यांनी लग्नातली नथ घातली होती.

जेवणं झाल्यावर शेखरने घराचे, विहिरीवरचे, कांदाचाळीचे सगळे दिवे घालवले. "गुरुजी, समदा अंधार केलाय. आता बघा निवांत," म्हणाला आणि आत गेला.

गुरुजींनी मान वर केली आणि त्यांना भोवळच आली. वाळवणावर राजगिरा सांडावा तशा चांदण्या. लॉनवरच्या आभाळाला सरावलेल्या माणसाला त्या गर्दीत सप्तर्षीही पटकन सापडेनात. शोधता शोधता शेपटीतला मधला तारा हाती लागला, वसिष्ठ. आणि त्याला खेटून, बारीकशी, ती. हजार वेळा दाखवलेली चांदणी गुरुजींनी इतकी स्पष्ट आज प्रथमच पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. ते काही बोलणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"दिसली हो. किती छान आहे."

तो सूर त्यांनी हजार वेळा ऐकला होता. त्यांनी वळून पाहिलं. सुधाताई मान वर करून हसत होत्या आणि त्यांचा हात अंधारात गुरुजींचा हात चाचपत होता. गुरुजींचं काळीज फाटलं. एक वर्ष, एकच वर्ष आधी आलो असतो तर.

त्यांनी तो हात घट्ट धरला.

"हो, तीच," ते म्हणाले.

त्यांनी अजून बोट वर केलंच नव्हतं.