बुलडोझरची चेन

नीलकंठ वऱ्हाडपांडे मापात चुकले असं जबलपूरच्या कारखान्यात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न करायचे हे त्यांचं काम. तोफगाडीचा एखादा भाग ओतायचा झाला की तो आधी नीलकंठरावांच्या हातून सागवानात तयार व्हायचा, मग त्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न केसभर चुकला तर त्यावरून निघणारा प्रत्येक नग चुकणार. त्यामुळे माणूस असा झाला होता की बायकोनं फळीला खुंटी ठोकून मागितली तरी आधी फूटपट्टी शोधायचा.

घरी, क्वार्टरच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर, दीड-दोन वर्षं एक बुलडोझर आकार घेत होता. फौजेचा, रस्ते फोडणारा, खऱ्याच्या दहाव्या हिश्शाचा. पुढचं पातं, ते उचलणारी तार, रेडिएटरची जाळी, धुराचा नळ, ऑपरेटरच्या बैठकीपुढचे दांडे, सगळं जिथल्या तिथं. फौजेच्या वर्कशॉपात असंच एक यंत्र दुरुस्तीला आलं होतं, तेव्हा नीलकंठरावांनी ओळखी काढून परवानगी मिळवली आणि सुटीच्या दिवशी जाऊन त्याच्याभोवती रेंगाळत मापं घेतली. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला यायचे आणि वाकून वाकून वाहवा करायचे. जाताना प्रत्येकजण विचारायचा, झालं काय? नीलकंठराव ठरलेलं उत्तर द्यायचे, होऊन राहिलं.

ते होऊ नये असंच त्यांना वाटत होतं, हे मात्र वाहवा करणाऱ्यांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. घरातल्या दोन्ही बायकांना ते ठाऊक होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, रत्नाकर, फौजेत असाच बुलडोझर चालवायचा. बासष्टच्या हिवाळ्यात पूर्वेच्या सरहद्दीवर आपली फौज मागे यायला लागली, तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली आणि ट्रका अडकल्या. रत्नाकरनं दरड ढकलून वाट मोकळी केली. ट्रका निघाल्या, आणि त्या जाईपर्यंत पुन्हा माती आली तर ढकलायला म्हणून तो यंत्रासह तिथंच थांबला. हे सांगायला त्याच्याच तुकडीतला विष्णू नावाचा सिहोऱ्याचा पोरगा रजेवर आल्यावर बसनं मुद्दाम आला होता. शेवटच्या ट्रकेत तोच होता. वळणापुढं गेल्यावर काही दिसलं नाही, पण मशीनचा आवाज येत होता, असं त्यानं सांगितलं. त्या वळणाचा अख्खा रस्ता नंतर खाली गेला, हेही त्यानं सांगितलं. नीलकंठरावांनी त्यातला मशीनचा आवाज तेवढा धरून ठेवला.

पुढं चीननं पकडलेले कैदी परत आले. त्यांत रत्नाकर नव्हता. काही महिन्यांनी फौजेनं त्याला मृत धरलं आणि तसं कळवलं. देह सापडला नव्हता.

त्याच्या आईनं, शरयूबाईंनी, तेव्हापासून एकच धोशा लावला. देह नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असतो, तो विधी करून टाका. पोराला अग्नी नाही, पाणी नाही, तो कुठं भटकत असेल? नीलकंठरावांचं म्हणणं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, असं शास्त्र आहे. गुरुजी म्हणाले, रणात गेलेल्याला ते लागू नाही. गुरुजींवर ते चिडले, बायकोशी बोलेनासे झाले, आणि एके दिवशी टेबलावर सागवानाचा ठोकळा ठेवून त्यांनी जाहीर केलं की मी रत्नाकरचा बुलडोझर करणार आहे. तो पुरा झाला की तुमचा पुतळा करा. तोवर या घरात विषय काढायचा नाही.

शरयूबाईंनी मान्य केलं. चार-सहा महिन्यांत होईल असं त्या बिचारीला वाटलं.

या दोघांच्या मधोमध सून होती, सुनेत्रा. नागपूरची, लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे असं झालेलं. संक्रांतीला नेपियर टाउनमध्ये ओळखीच्या कुंदाताईंकडे हळदीकुंकू असायचं. तिथं ताट सुनेत्रापुढं आलं की कुंदाताईंची कुंकवाची बोटं हवेतच थांबायची आणि त्या शरयूबाईंकडे बघायच्या. शरयूबाई खाली बघायच्या. एवढ्या बायकांत ते थोडाच वेळ चालायचं, पण ज्या कपाळाचा प्रश्न असेल त्याला तो वेळ फार मोठा वाटतो. तिसऱ्या वर्षी सुनेत्रा गेलीच नाही. एका सकाळी तिचं कुंकू लावायचं राहिलं. नीलकंठराव पानावर बसले होते. त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं, ताट सरकवलं आणि उपाशीच कामावर गेले. त्या दिवसापासून तिचं कुंकू लावायचं कधी राहिलं नाही.

लाकडाचं काम एकदाचं संपलं. लाकडाचं काम किती लांबवणार? पातं तीनदा घासून झालं, रंगाचे हात देऊन झाले. उरल्या दोन्ही बाजूंच्या चेन, ज्यांवर बुलडोझर चालतो त्या. त्या पितळेच्या करायच्या होत्या, आणि पितळेचं काम नीलकंठरावांचं नव्हतं. त्यांनी कागदावर मापं लिहून ती गुणवंत डाफला दिली. गुणवंत मशीन शॉपमध्ये टर्नर, आणि नीलकंठरावांचा जुना स्नेही. त्यानं एकेक कडी घासून, खिळ्यांनी जोडून, दोन चेन तयार केल्या आणि एका रविवारी रुमालात बांधून आणल्या.

चेन चाकांवर चढवली आणि टोकं जुळेनात. एका कडीएवढी जागा उघडी राहिली. दुसऱ्या बाजूलाही तेच.

गुणवंतनं कागद मागून घेतला आणि आपली कडी मापून बघितली. बरोबर होती. मग त्यानं आपली फूटपट्टी लाकडावर धरली, पुन्हा धरली, आणि त्याला हसू आवरेना.

"भाऊ, हे तं तुम्ही ओतकामाच्या पट्टीनं करून ठेवलं," तो म्हणाला. "काहून? बुलडोझर काय ओतून घ्यायचा आहे?"

खुलासा करायला हवा. तापलेला धातू निवताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुळात किंचित मोठा करतात आणि त्यासाठी या कारागिरांची फूटपट्टीच वेगळी असते. तिच्यातला इंच हा इंचाहून थोडा जास्त असतो. नीलकंठरावांच्या हाताला उभ्या आयुष्यात ती एकच पट्टी माहीत. कागदावर आकडे बरोबर लिहिले, पण लाकडावर मापं टाकताना हातात तीच पट्टी आली. अख्खा बुलडोझर त्यांनी असा केला होता, की जणू त्याला अजून तापायचं आहे, निवायचं आहे आणि मग कुठं खऱ्या मापाला यायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

गुणवंतला वाटलं, आता भाऊ डोक्याला हात लावतील. दोन कड्या जास्त करून देतो, एका दुपारचं काम, असं तो म्हणालाही. पण नीलकंठरावांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, चुकीच्या मापाचं यंत्र रत्नाकरचं नाही, सगळं मोडून नव्यानं करावं लागेल. आणि गुणवंतचा चहा संपायच्या आत त्यांनी पुढचं पातं सुटं करून बाजूला ठेवलं.

आतल्या दारात शरयूबाई उभ्या होत्या. पुन्हा वर्ष दोन वर्षं, एवढं त्यांना समजलं.

असं पासष्टचं साल आलं आणि भाद्रपदात दुसरं युद्ध पेटलं. या खेपेला पश्चिमेला. कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या सुरू झाल्या, नीलकंठराव बारा बारा तास खपून यायचे आणि आल्याबरोबर टेबलाशी बसायचे. नवा सागवान आणला होता, पण त्याला रंधा लागला नव्हता. जुनं मोडत बसायचे. मोडायलाही त्यांना तेवढाच वेळ लागायचा.

पितृपक्ष लागला. शरयूबाईंनी सासऱ्यांच्या तिथीला स्वयंपाक केला आणि कावळ्यासाठी पान वाढून अंगणात ठेवलं. कावळा आला, शिवला. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विषय काढला.

"आजे-पणजे सगळे जेवून गेले," त्या म्हणाल्या. "आणि माझं पोरगं दाराबाहेर उभं असेल. त्याला कोणी आत घेऊन नाही राहिलं."

नीलकंठरावांनी ऐकलं आणि कानशीनं जुना सांधा घासत राहिले. त्यांना ऐकू गेलं नाही असं नाही. मनातून ते हादरले होते, पण हात थांबला तर आपण रडू अशी भीती त्यांना वाटत होती, आणि रडलो म्हणजे मानलं, असा त्यांचा हिशेब होता.

सुनेत्रा भांडी आवरत होती. ती आवरून, पदर खोचून, कुणाला न सांगता बाहेर पडली. परत आली तेव्हा दुपार कलली होती. तिनं टेबलावर रुमाल उलगडला. त्यात दोन पितळी कड्या होत्या, कोऱ्या, झगझगीत.

"गुणवंतकाकांकडून करून आणल्या," ती म्हणाली. "आता चेन बसते, मामंजी."

"माप चुकलं आहे, बाई. सगळंच पुन्हा करावं लागते."

"माप चुकू द्या. चेन बसते." तिनं रुमाल त्यांच्याकडे सरकवला. "मी रोज सकाळी कुंकवाची डबी हातात घेऊन आरशासमोर उभी राहते. लावलं तर सासूबाई तोंड फिरवतात. नाही लावलं तर तुम्ही जेवत नाही. मी काय करू, ते तुम्ही सांगा. मी थकली."

तिचा आवाज चढला नव्हता. नीलकंठराव तिच्याकडे बघत राहिले. ही पोर चोविशीत म्हातारी दिसायला लागली होती, आणि ते एका छताखाली राहून त्यांना आज दिसत होतं. वाट आपण बघतो आहोत, ती आपल्या एकट्याची आहे, तिचा कुणाला त्रास नाही, असं ते धरून चालले होते. वाट बघायचे ते आणि भोगायची ही. त्यांना स्वतःची लाज वाटली. आपल्या हातानं केलेल्या वस्तूची कधी वाटली नव्हती, इतकी वाटली.

त्यांनी कानस खाली ठेवली. सुटे केलेले भाग एकेक करून परत बसवले, पातं चढवलं, तार ओवली. मग चेन चाकांवर घालून कोरी कडी मधे धरली आणि खिळा सारला. टोकं जुळली. दुसरी बाजूही जुळली. बुलडोझर टेबलावरून बोटभर पुढं ढकलला तर चाकं फिरली आणि चेन करकर करत चालली. शरयूबाई आतून बाहेर आल्या नाहीत, पण आतून येणारी त्यांच्या जात्याची घरघर थांबली होती.

आश्विनात, दसरा झाल्यावर, ग्वारीघाटावर विधी ठरला. नर्मदेचं पाणी ओसरलं होतं. गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. नीलकंठरावांनी सोबत आणलेलं गाठोडं सोडलं आणि बुलडोझर पुतळ्याशेजारी लाकडांवर ठेवला. गुरुजी चपापले. असं काही पोथीत नाही, ते म्हणाले. पितळ आहे, यंत्र आहे, हे चालायचं नाही.

"त्याच्यावर बसला होता तो," शरयूबाई म्हणाल्या. "त्याला सोडून येत नाही म्हणूनच राहिला. राहू द्या सोबत."

गुरुजींनी मग वाद घातला नाही. नीलकंठरावांनी अग्नी दिला. पॅटर्न करणारा माणूस लाकूड भट्टीपासून जपतो. लाकूड वाळूत ठसा उठवून माघारी येतं, आगीत जायचं असतं ते लोखंडानं. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेलं एकही काम आगीत गेलं नव्हतं. सागवान आधी रंगानं फुगला, मग पेटला, आणि बैठक, दांडे, धुराचा नळ, सगळं आत कोसळलं. ते शेवटपर्यंत समोर उभे राहिले. गुणवंतनं खांद्यावर हात ठेवला तो त्यांनी काढला नाही.

राख निवल्यावर सुनेत्रा आणि शरयूबाई ती मडक्यात भरायला बसल्या. पानांच्या पुतळ्याला अस्थी नसतात, नुसती राख घ्यायची, असं गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. पण राखेत हात घातला आणि दोन्ही चेन वर आल्या. काळ्या पडलेल्या, वेड्यावाकड्या, पण कुठंही न तुटलेल्या. शरयूबाईंनी त्या पदरात घेतल्या. या आहेत की अस्थी, एवढंच त्या म्हणाल्या.

चेनचं कडं मडक्याच्या तोंडात जाईना. नीलकंठरावांनी ती मागून घेतली आणि खिळा शोधायला लागले. आगीनं सगळ्या कड्या सारख्याच काळ्या करून टाकल्या होत्या, कोरी कुठली ते ओळखू येईना. जी जोडायला त्यांनी वर्ष लावलं, ती आता सुटत नव्हती. सुनेत्रानं अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी आकड्याचं टोक खिळ्यावर धरून दगडानं ठोकलं. खिळा सरकला आणि चेन सुटून त्यांच्या मांडीवर पडली. मग दुसरी सोडवली.

गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मडकं नर्मदेत सोडलं. पितळेच्या वजनानं ते लगेच बुडालं. ते परत वर आले तेव्हा शरयूबाई पायरीवर बसल्या होत्या. नदीकडे बघत त्यांनी विचारलं,

"झालं काय?"

नीलकंठरावांच्या तोंडी सवयीचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"झालं," ते म्हणाले, आणि तिथंच ओल्या धोतरानं बायकोशेजारी बसून मोठ्यानं रडायला लागले. सुनेत्रानं उरलेली लाकडं एका बाजूला केली आणि ती जागा धुऊन काढली.